मोठी संख्या उलगडायची कशी: १२३४५६७८९८७६५४३२१ हाती घेऊन

समोर सतरा अंकी संख्या आली की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. तो थोडा वेळ आवरा, एवढीच या लेखाची अट. लागणार काय, तर चौकटींची गणिताची वही, पेन्सिल, खोडरबर आणि आठवीपर्यंतचं गणित, तेही अर्धवट आठवत असलं तरी चालेल.

‘या संख्येचे गुणधर्म सांगा’ असं कुणी म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी गूढ शोधायचंय. तसं काही नसतं. ठरावीक प्रश्न असतात आणि ते ठरावीक क्रमाने विचारायचे असतात. क्रम चुकला तर दोन मिनिटांच्या कामाला अख्खी संध्याकाळ जाते. उदाहरणासाठी मी घेतलेली संख्या पाठ करायला सोपी आहे: एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं.

१२३४५६७८९८७६५४३२१

पहिली पायरी: संख्या वाचून घ्या

हसू नका. बहुतेक चुका इथेच होतात. उजवीकडून तीन अंक सोडा, मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम द्या:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

आता मोठ्याने वाचा. कोटीच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व आहेत, पण अब्जापलीकडे कोणता शब्द नेमका किती, यावर दोन माणसांचं एकमत होईलच असं नाही. म्हणून मी कोटीचेच कोटी मोजतो: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एका दमात जमलं तर चहा घ्या.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकक ते परार्ध अशी अठरा स्थानं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येचे अंक सतरा, म्हणजे तिचा सगळ्यात डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानावर बसतो. परार्धाला एक घर कमी पडलं.

वाचताना आणखी एक गोष्ट दिसली असेल. ही संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. ‘टेप आणा आपटे’ किंवा ‘चिमा काय कामाची’ यांच्या जातीची. हा गुणधर्म दिसायला छान, पण पुढच्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही. नोंद करा आणि पुढे चला.

यंत्रावर भरवसा कधी ठेवायचा नाही

सुरुवातीला मी ही संख्या एका स्प्रेडशीटमध्ये टाकली होती. शेवटचे दोन अंक २१ होते ते ०० झाले, आणि मी मात्र ‘अरे, ही १०० ने भागली जाते!’ म्हणून खूश. अर्धी संध्याकाळ गेल्यावर वहीतला १ आणि पडद्यावरचं शून्य यांची गाठ पडली.

दोष टायपिंगचा नव्हता. स्प्रेडशीट साधारणपणे पहिले पंधरा अंकच जपते आणि पुढच्या जागा शून्यांनी भरते. संगणकावर आकडे ठेवायची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतच्याच सगळ्या पूर्ण संख्या न चुकता बसतात. त्यानंतर २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांना जागा असते. आपली संख्या नेमकी या पट्ट्यात येते आणि ती विषम आहे. त्यामुळे जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत ती लिहिली की शेवटी ३२१ ऐवजी ३२० उमटतं. एकाचाच फरक, पण विषमाची सम झाली, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

पडताळणी करायचीच असेल तर पायथॉन ही संगणकभाषा वापरा. त्यात पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी अंक गळत नाहीत. अवतरणचिन्हांत देवनागरी अंक देऊन पूर्णांकात बदलायला सांगितलं तर तेही त्याला कळतात. पण हे सगळं शेवटी. आधी वही.

दुसरी पायरी: फुकटच्या कसोट्या

शेवटचा अंक १. म्हणजे २, ४, ५, ८, १० यांतला कुणीही तिला भागत नाही. एका नजरेत पाच नावं बाद.

आता अंकांची बेरीज. १ ते ९ चे ४५, आणि उतरताना ८ ते १ चे ३६. एकूण ८१. नवाने भाग जातो, म्हणजे तिनानेही जातो. बेरजेने नवाचा ताळा पाहायची सवय आपल्या आजोबांच्या पिढीला होती. वाण्याच्या दुकानात हिशेब जमला की नाही, हे ते याच युक्तीने बघत.

इथे नवखे एक ठेच हमखास खातात. ‘बेरीज ८१ आली, म्हणजे ८१ नेही भाग जाणार.’ नाही! हा नियम ३ आणि ९ पुरताच आहे. १८९९ घ्या. अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो का, ते वेगळं तपासावं लागेल. तो प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवा. पुढे त्याचं उत्तर मिळतं, आणि गोड मिळतं.

आता माझी आवडती कसोटी. शाळेत ती फारशी शिकवत नाहीत, का कोण जाणे. त्यासाठी आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम पुसा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा:

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

उजवीकडून एक गट अधिक, एक उणे, असं करत जा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. या ३०९ ला ७, ११ आणि १३ ने भागा. जी बाकी उरेल तीच मूळ सतरा अंकी संख्येची बाकी. ७ ने १, ११ ने १, १३ ने १०. तिघेही बाद, आणि तेही एकाच बेरीज-वजाबाकीत. कारण १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

आता तेच गट नुसते मिळवा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. म्हणजे ९९९ ची तिप्पट! १००० ला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे गटांची बेरीज ९९९ च्या पटीत असली की संख्याही त्याच पटीत असते. ९९९ म्हणजे २७ × ३७. एका ओळीच्या बेरजेने ३७ हाती लागला, आणि ३ निदान तीनदा जातो हेही कळलं.

तिसरी पायरी: ही कुणाचा वर्ग आहे का?

वर्गमूळ काढायच्या आधी थोडी चाळणी लावा. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ कधीच नसतो. आपला १ आहे, चालेल. विषम वर्गसंख्येचा दशकस्थानचा अंक सम असतो. आपला २ आहे, चालेल. आणि अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आलं की तो १, ४, ७ किंवा ९ असायला हवा. ८१ चे ९, चालेल. तिन्ही चाळण्यांतून संख्या पार झाली. वर्ग आहेच असं यातून सिद्ध झालं नाही, पण आता मेहनत करायला हरकत नाही.

भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायचं शाळेत शिकलो होतो आणि बहुतेकांनी ते दहावीच्या निकालासोबत सोडून दिलं. पुन्हा काढा. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा:

१ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१

गट नऊ, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. पहिल्या १ चं मूळ १, बाकी ०. पुढची जोडी २३ खाली घ्या. आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे असा मोठ्यात मोठा अंक लावायचा की त्याच अंकाने गुणल्यावर २३ च्या आत राहील. २१ × १ = २१ बसतं, २२ × २ = ४४ बसत नाही. म्हणून अंक १, बाकी २. तिच्यापुढे ४५ घेतले की २४५. मुळाची दुप्पट २२, पुढे १ लावून २२१. असंच खाली उतरत जा:

२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

प्रत्येक पायरीला नवा अंक १ च येतो. शेवटी बाकी शून्य. म्हणजे आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे. उत्तर कुणी आधीच सांगितलं असेल तरीही ही मांडणी स्वतः एकदा कराच. दोनांच्या रांगा एकेका घराने लांबत जातात आणि शेवटच्या वजाबाकीत वरची ओळ खालच्या ओळीवर तंतोतंत बसते, हे कॅल्क्युलेटर दाखवत नाही.

मग असा डोंगर का तयार होतो? नऊ एकांना नऊ एकांनी उभ्या मांडणीत गुणा. एकाच ओळीच्या नऊ प्रती, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांतले एक मोजा: उजवीकडून पहिल्यात १, मग २, ३, मधल्यात ९, आणि पुन्हा उतार. कुठल्याही रकान्यात बेरीज नवाच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही. अंकांची बेरीज ८१ का, तेही इथेच कळतं: मांडणीत ९ × ९ एक आहेत, आणि हातचा नसल्याने त्यातला एकही हरवत नाही.

चौथी पायरी: मूळ अवयव

वर्ग आहे हे कळलं की अर्धं काम वाचतं. सतरा अंकी संख्या फोडायची नाही, नऊ अंकी फोडायची आणि प्रत्येक अवयव दोनदा घ्यायचा. म्हणूनच वर्गाची चौकशी अवयवांच्या आधी करायची.

१११११११११ चे तीन-तीन अंकांचे गट पाडले की १११ | १११ | १११ दिसतात. म्हणजे १११ × १००१००१. पहिला तुकडा ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: ३३३६६७. आता हा सहा अंकी तुकडा आणखी फुटतो का?

सरधोपट मार्ग असा की ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे येतं, तेव्हा ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या आहेत १०६. रविवार दुपार त्यात जाईल. पण एक आडवाट आहे, आणि मला या सगळ्या प्रवासात तीच सर्वात जास्त आवडते.

समजा ‘प’ ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. ती ३ नाही, कारण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८. मग ती १००१००१ लाही भागते, आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही. म्हणजे १० चा नववा घात घेऊन ‘प’ ने भागलं तर बाकी १. दहाचे घात घेत बाक्या लिहीत गेलं की त्यांचं चक्र फिरतं. हे चक्र नऊ घरांचं असेल, नाहीतर नवाला भागणाऱ्या लहान आकड्याचं, म्हणजे तीन किंवा एक. पण ते तीन किंवा एकाचं असतं तर १००० ची बाकी १ आली असती, आणि मग १००१००१ ची बाकी १ + १ + १, म्हणजे ३. ती शून्य व्हायला ‘प’ ३ च हवा, आणि तो तर नाही. म्हणजे चक्र बरोबर नऊ घरांचं. फर्माच्या छोट्या प्रमेयावरून चक्राची लांबी ‘प’पेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येला भागतेच. म्हणून ‘प’ला ९ ने भागून बाकी १ उरणार, आणि ‘प’ विषम असल्याने १८ ने भागूनही १ च.

आता ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. १०६ चे भागाकार सतरावर आले. बसून करा: १९ ने बाकी ८, ३७ ने बाकी १, आणि तसेच शेवटी ५७७ ने बाकी १६१. एकानेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

तेव्हा १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा.

आता समासातला तो प्रश्न आठवा. ३ चार वेळा, म्हणजे ८१! संख्येला ८१ ने भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. हो, त्यात ८ नाही. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात, ६३ ने गुणलं की नऊ सात.

विभाजकांची मोजणी

हे एका मिनिटाचं काम. प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आलाय त्यात एक मिळवा आणि गुणा: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. आकडा विषम आलाच पाहिजे, कारण विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गसंख्येत वर्गमूळ स्वतःचीच जोडी असतं. तुमचा आकडा सम आला तर कुठेतरी चुकलंय.

स्वतः सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८ भरते. संख्येच्या निम्म्याहून जरा जास्त. ६ आणि २८ यांची अशी बेरीज त्यांच्याइतकीच भरते, म्हणून त्या परिपूर्ण; हिची कमी भरते, म्हणून ही न्यून. मला या गुणधर्मात फारसा रस नाही, पण यादीत तो असतो म्हणून सांगितला.

डोंबिवलीची संख्या

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ या आकड्यामुळे त्यांचं नाव जगभर गेलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भाग जातो, म्हणजे ती हर्षद.

तिचं घराणंही कापरेकरांचंच. १, १२१, १२३२१ अशा, नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या संख्या डेम्लो संख्यांमध्ये मोडतात. डेम्लो म्हणजे डोंबिवली. तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या त्या स्थानकावर कापरेकरांना ही कल्पना सुचली म्हणून त्यांनी स्थानकाचंच नाव दिलं. आज सकाळी आठच्या लोकलसाठी त्या फलाटावर उभं राहून कुणाला संख्या सुचत असतील तर त्याला माझा दंडवत.

एक एकापासून नऊ एकांपर्यंतचे असे नऊ वर्ग आहेत. त्यातले हर्षद किती? अंकांची बेरीज अनुक्रमे १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१. सगळ्या संख्या १ वर संपतात, म्हणून सम बेरजेने कुणालाच भाग जाणार नाही: दोन, चार, सहा, आठ एकांचे वर्ग गेले. २५ वाली संख्या ५ नेच भागली जात नाही. ४९ वाली उरते, पण ११११११११ नव्हे, नीट मोजा, सात एकांची १११११११ म्हणजे २३९ × ४६४९, त्यात सात नाही. राहिले १, १२३२१ आणि आपली संख्या. (एक एक जास्त लिहिला जातो तो असा. मी मुद्दाम खोडला नाही. एकांच्या रांगा लिहिताना दर वेळी बोटाने मोजा.)

आता तुमची पाळी

दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात १० एक येतात, पहिल्यांदा हातचा येतो आणि डोंगराचा माथा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटी वाचली तर तीच राहत नाही. अंकांची बेरीजही १०० येत नाही, ८२ येते. हातच्यात नेमके १८ का हरपले, हे आधी शोधा. मग अवयवांकडे जा, आणि या वेळी तिनाऐवजी अकराची कसोटी आधी लावा.